बसलेला बैल

पंचवीसेक वर्षांपूर्वी एका बालमासिकासाठी मी अमेरिकेतल्या लकोटा जमातीचा पुढारी ‘सिटिंग बुल’ याच्यावर दोन पानं लिहिली होती. नावाचा अर्थ द्यायचा म्हणून बिनधास्त लिहून टाकलं, ‘बसलेला बैल’. छापूनही आलं. पंधरा दिवसांनी एका शेतकरी वाचकाचं पोस्टकार्ड आलं: बसका बैल बाजारात कोणी फुकट नेत नाही, मग हा एवढा मोठा पुढारी कसा झाला?

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे औताचा बैल तासात बसला की धन्याच्या तोंडचं पाणी पळतं. मूळ नाव आहे ततांका इयोताके. ततांका म्हणजे बैल नव्हे, बायसनचा नर. त्याने जू पाहिलेलं नाही, त्याला वेसण ठाऊक नाही, त्याला कोणी खच्ची केलेलं नाही. टनाच्या आसपास वजनाचा हा प्राणी माळावर ठाण मांडून बसला, तर त्याला उठवायला जाणार कोण? नावातली बैठक ती. त्या पोस्टकार्डाला मी उत्तर पाठवलं नाही. ही टिपणं म्हणजे उशिरा टाकलेलं उत्तर समजा.

*

‘बफेलो’ची म्हैस करणारे मराठीत पुष्कळ. उलट इंग्रजांनी आपल्या गव्याला बायसन करून ठेवलं, आणि दाजीपूरला निघालेली मंडळी अजून ‘बायसन बघायला चाललोय’ म्हणतात. २०२० च्या डिसेंबरात कोथरूडमध्ये शिरला आणि जिवाला मुकला, तो गवा. अंग तुकतुकीत, पायांत पांढरे मोजे. अमेरिकेतला बायसन निराळा: पुढून डोंगर, मागून अगदीच बेताचा. डोक्याला, छातीला झुपकेदार लोकर, आणि खांद्यावर वशिंड. पण त्या वशिंडात चरबी नसते. मणक्यांचे उंच काटे आणि त्यांवर जाडजूड स्नायू. त्या जोरावर तो डोक्याचं फावडं करून बर्फ बाजूला सारतो आणि खालचं गवत खातो.

*

ततांका हा शब्द जगभर पोहोचला तो १९९० च्या केव्हिन कॉस्टनरच्या सिनेमामुळे. पण लकोटा माणूस साऱ्या जातीबद्दल बोलतो तेव्हा ‘प्ते’ म्हणतो, म्हणजे मादी. बायसनांच्या सगळ्या गणगोताला ‘प्ते ओयाते’, बायसन लोक. यात आपल्याला नवल वाटायला नको. आपणही शेळ्या, मेंढ्या, म्हशी चारायला नेतो. बोकड, एडके, रेडे त्यातच आले.

तंबूला कातडं लागायचं तेही मादीचं, कारण ते पातळ आणि हलकं. एका कुटुंबाच्या तिपीला बारा ते वीस कातडी लागत. तिपी बाईच्या मालकीची. नवऱ्याशी बिनसलं तर बाहेर तो पडायचा.

*

लकोटा, नकोटा, डकोटा. आमची आई ‘लखोटा’ ऐकायची. तिन्ही एकाच भाषेच्या बोली, ओचेती शाकोविन म्हणजे ‘सात चुली’ या जुन्या एकीतल्या. मित्राला लकोटात ‘कोला’, डकोटात ‘कोडा’, नकोटात ‘कोना’. पुस्तकं तीन खाने सरळ आखून यँक्टन गटाला नकोटात घालतात, पण यँक्टन लोक स्वतःला डकोटाच म्हणवतात. खानेसुमारी करणाऱ्यांचे खाने आणि माणसांचं म्हणणं यांचा मेळ कुठेच बसत नाही.

आणि सगळेच बारा महिने बायसनामागे नव्हते. मिनेसोटाच्या रानातले डकोटा तळ्यातला जंगली भात झोडायचे, मेपलच्या झाडाचा रस आटवून साखर करायचे, हरणं मारायचे, आणि हंगामात पश्चिमेला माळावर बायसनाच्या शिकारीला जायचे. पश्चिमेकडच्या लकोटांचं मात्र सगळं चंबूगबाळं बायसनाच्या खुरांमागे.

*

भाचा डेन्व्हरला असतो. त्याच्याबरोबर साउथ डकोटात गेले. विंड केव्हच्या गुहेचं मूळ तोंड पाहिलं. दहा कोसांवरून यावं आणि बघावं तर काय, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार वाटावं एवढं भोक. आत दोनशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या वाटा आहेत, यावर विश्वास बसत नाही. रेंजरबाईंनी भोकासमोर एक फीत धरली. फीत आत ओढली गेली. बाहेरच्या हवेचा दाब वाढला की गुहा श्वास घेते, कमी झाला की सोडते.

लकोटांची कथा अशी की माणसं आधी या भोकाखाली राहत. वरच्या जगातलं मांस आणि कपडे यांची लालूच दाखवून काहींना अकाली वर काढण्यात आलं. हे फसवणं इक्तोमीचं, तो कोळ्याच्या रूपातला इब्लिस. वर आल्यावर थंडी आणि भूक. परत जायची वाट बंद. तेव्हा निर्मात्याने त्या लोकांचेच बायसन केले. पुढे वेळ भरल्यावर तोकाहे, म्हणजे ‘पहिला’, बाकीच्यांना घेऊन वर आला, आणि त्यांना सांगण्यात आलं की बायसनांच्या मागे जा, ते तुम्हाला खायला, ल्यायला देतील.

म्हणजे हिशेब असा: ज्यांना खायचं ते आधी आलेले आपलेच. चुकलेले, पण आपले. शिकारीआधीच्या प्रार्थना, होमाजवळ ठेवलेली कवटी, मुलगी वयात आल्यावर होणारा बायसनाच्या नावाचा विधी, हे सगळं मला या गुहेच्या तोंडाशी उभं राहिल्यावर कळलं. पुस्तकात मी ते आधी वाचलं होतं, तेव्हा नुसतं पाठ झालं होतं.

*

सूर्यनृत्य या लकोटांच्या मोठ्या विधीवर अमेरिकी सरकारने १८८३ साली बंदी घातली. त्याच साली बायसनांचा उत्तरेकडचा मोकळा कळपही संपला.

*

संग्रहालयात भिंतीवर हमखास एक तक्ता असतो: मध्ये बायसन, चहूकडे बाण; शिंगांचे चमचे, शेपटीची माशा हाकायची चवरी, खुरांचा डिंक. असा तक्ता पाहिला की मला खाटकाच्या दुकानातलं चित्र आठवतं. वस्तू खऱ्या, पण त्यातून कष्ट कळत नाहीत.

कातडं घ्या. ओलं कातडं खुंट्यांनी जमिनीवर ताणायचं. आतल्या बाजूचं मांस खरवडायचं. मग उभं वाकून, एल्कच्या शिंगाच्या वाकड्या मुठीला पातं बांधलेल्या खरवडणीने जाडी सारखी करायची. रापीवर हात बसलेल्या चांभारालाच कळेल की इथे जरा जोर जास्त पडला की भोक पडलं. मग त्याच जनावराचा मेंदू चोळायचा, मुरवायचा, पिळायचा, आणि वाळेपर्यंत दोरावर घासत ओढत राहायचं. थांबलात तर कातडं पुन्हा पुठ्ठा. शेवटी धुरी, म्हणजे पावसात भिजूनही मऊ राहतं. हे सगळं बायका करत. शिवायला पाठीच्या स्नायूची तात, भोकाला आरी.

मिनेसोटात लिटल रॅपिड्स नावाच्या जुन्या डकोटा वस्तीत १९८० साली उत्खनन झालं, त्यात अशी एका आरीची शिंगाची मूठ सापडली. बोटभर लांब. तिच्यावर कोरलेले बारीक ठिपके, त्यांत लाल रंग. बायका आपल्या कामाची नोंद अशी ठेवत: इतकी कातडी, इतक्या तिपी. जॅनेट स्पेक्टर या पुरातत्त्वज्ञ बाईंनी त्या मुठीवर १९९३ साली अख्खं पुस्तक लिहिलं. लोखंडी टोकांचं वर्गीकरण करणाऱ्या जुन्या अभ्यासांत मुठीला काही स्थान नव्हतं, ही त्यांची तक्रार. पुरुषाने शत्रूला शिवलं की पीस खोचायचं, बाईने कातडं कमावलं की ठिपका द्यायचा. पिसांची चित्रं सगळ्यांनी काढली.

*

मांसाच्या पातळ पट्ट्या काठ्यांवर वाळत घालायच्या: पापा. वाळलेलं मांस दगडाने कुटायचं, त्यात वाळवलेल्या चोकचेरी बियांसकट ठेचून घालायच्या, वर हाडांतून काढलेली चरबी: वासना. शब्द वाचून मराठी माणूस दचकतो. टिकाऊ, वजनाला हलकं, मूठभर खाल्लं तरी दिवस निघावा.

आपल्याकडे मांस वाळवणं म्हटलं की सोडे-सुकटीपलीकडे शहरी डोकं जात नाही. शाहू पाटोळ्यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ वाचावं. मराठवाड्यात महार-मांगांच्या घरी चान्या असत, मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या, पुढच्या दिवसांची बेगमी. त्या दोरीवर वाळताना गावाने नाक मुरडलं. लकोटा छावणीत हेच वाळवण म्हणजे सुबत्तेची खूण. सात चुलींतल्याच यँक्टोनाई गटातल्या लोन डॉगने बायसनाच्या कातड्यावर वर्षाला एक चित्र या हिशेबाने इतिहास काढला आहे. त्यात १८४५-४६ च्या हिवाळ्याचं चित्र एवढंच: मांस वाळत घातलंय.

*

भांडं नसताना रस्सा: जनावराचा कोथळा चार काठ्यांना टांगायचा, त्यात पाणी आणि मांस, आणि विस्तवात लाल केलेले दगड एकेक आत सोडायचे. पाणी उकळतं. शेवटी भांडंही खाऊन टाकायचं. घासायचा प्रश्न मिटला.

*

झाड नसलेल्या माळावर जळण म्हणजे वाळलेलं शेण. थापावं लागत नाही, वेचायचं. हे टिपण फक्त गोवऱ्या थापलेल्या हातांसाठी.

*

कळपाच्या जवळ छावणी पोहोचली की राज्य आकिचितांचं. हे शिकारीचे पहारेकरी. कोणी आगाऊपणा करून एकटाच पुढे घुसला आणि कळप उधळला, तर त्याला फटके, त्याची तिपी फाडायची, प्रसंगी घोडाही मारायचा. तो सरदाराचा मुलगा का असेना. एकाच्या उतावीळपणाने सगळ्यांचा हिवाळा उपाशी जाणार, म्हणून कायदा एवढा कडक. ‘मुक्त, स्वच्छंद रेड इंडियन’ रंगवणाऱ्या लेखकांनी हे पान वाचलेलं नसतं.

*

ओता क्ते, म्हणजे पुढचा ल्यूथर स्टँडिंग बेअर. लहानपणी बापाबरोबर शिकारीला गेला आणि पहिला बायसन मारला. पाच बाण लागले. जनावर पडल्यावर त्याच्या मनात आलं, चार उपटून टाकले तर? घरी सांगता येईल, एकातच पाडला. पाहणारं कोणी नव्हतं. त्याने बाण तसेच राहू दिले आणि बापाला पाच सांगितले.

हा मुलगा १८७९ साली पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या शाळेत गेला, पहिल्या तुकडीत. तिथे त्याचे केस कापले आणि फळ्यावर लिहिलेल्या नावांतून एकावर काठी ठेवायला लावून त्याला ‘ल्यूथर’ केलं. पुढे त्याने पुस्तकं लिहिली. पाच बाण त्यांतलेच.

*

‘ते काहीही वाया घालवत नसत’ हे वाक्य मला पटत नाही. कौतुकाने म्हणतात, पण त्यात माणसांना संत करून टाकायची सोय असते. उन्हाळ्यात एका दिवसात शेकडो जनावरं पडली तर सगळं मांस वाळवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. शिवाय १८३० नंतर मिझूरी नदीच्या वरच्या पट्ट्यात वाफेच्या बोटी आल्या, आणि लोकरीसकट कमावलेली कातडी पूर्वेकडे हजारोंनी जाऊ लागली. बदल्यात बंदुका, किटल्या, कापड, दारू. ठिपके देणाऱ्या बायकांचं काम वाढलं. लकोटा माणसं होती, व्यापार करत होती. त्यांनी कळप संपवला नाही, एवढं खरं. आणि तेवढं पुरे.

*

१८६८ चा फोर्ट लॅरमीचा तह, अमेरिकी सरकारने लकोटा आणि इतरांशी केलेला. त्यातलं अकरावं कलम मी तीन वेळा वाचलं. राखीव मुलखाबाहेर, उत्तर प्लॅटच्या उत्तरेला आणि रिपब्लिकन नदीच्या खोऱ्यात शिकार करायचा हक्क या लोकांना राहील. कुठवर? तर शिकार करण्याजोगे बायसन तिथे फिरत असतील तोवर.

खरेदीखतात लिहायचं, की विहिरीत पाणी आहे तोवर मोट तुझी. आणि मग विहीर बुजवायला माणसं धाडायची. कलम लिहिणाऱ्यांच्या मनात त्या दिवशी हेच होतं असं मी म्हणत नाही. पण तीनच वर्षांनी, १८७१ च्या सुमाराला, पूर्वेकडच्या कारखान्यांना बायसनाचं कातडं कमावून यंत्रांचे पट्टे करायची रीत साधली. तोवर हिवाळ्यातलं लोकरीचं कातडं तेवढं खपायचं. आता बारमाही कुठलंही. आगगाडी होतीच, लांब पल्ल्याच्या बंदुका होत्या. १८७४ साली अमेरिकी संसदेने बायसन वाचवायचा कायदा मंजूर केला. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यावर सही केली नाही आणि विधेयक तसंच मेलं. त्याच सुमाराला त्यांचे गृहखात्याचे मंत्री कोलंबस डेलॅनो यांनी अहवालात लिहून ठेवलं की बायसन नाहीसे झाले तर आपल्याला फारसं दुःख होणार नाही, कारण त्याने इंडियन ताळ्यावर येतील.

हक्क काढून घ्यावा लागला नाही. अट संपवली.

*

हाडंही सोडली नाहीत. माळावर पडलेली हाडं गोळा करून वाघिणी भरल्या. त्यांचं खत झालं, आणि जाळून केलेला कोळसा साखर पांढरी करायला गेला. डेट्रॉइटजवळच्या मिशिगन कार्बन वर्क्समधला कवट्यांचा डोंगर, त्यावर उभा एक माणूस, पायथ्याशी दुसरा, हा १८९२ च्या सुमाराचा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. तेव्हाच्या तिकडच्या चहात पडलेल्या साखरेचा विचार मात्र कोणी करत नाही.

प्राणिशास्त्रज्ञ विल्यम हॉर्नडेने १८८९ साली बायसनांची शिरगणती केली: सगळे मिळून १,०९१. आधी किती होते त्याचे अंदाज ३ कोटींपासून ६ कोटींपर्यंत.

*

जून १८८२. लकोटांच्या स्टँडिंग रॉक राखीव मुलखातल्या सरकारी एजन्सीतून शेकडो स्वार आणि त्यांची घरंदारं शंभरेक मैल पश्चिमेला गेली, कारण कळप आल्याची खबर होती. सरकारी एजंट मॅक्लॉफ्लिन बरोबर होता. दोन दिवसांत पाच हजार जनावरं पाडली असं त्याने लिहून ठेवलं आहे. एवढी मोठी शिकार पुन्हा झाली नाही.

मग रेशन. सरकार जिवंत गुरं द्यायचं. गाईला लकोटात शब्द नव्हता, तो केला: प्तेग्लेश्का, म्हणजे ठिपक्यांची प्ते. रेशनच्या दिवशी गुरं सोडली की पुरुष घोड्यावर बसून त्यांच्यामागे दौडत, बायसन असल्यासारखी शिकार करत. मागून बायका सुऱ्या घेऊन. १८९० साली वॉशिंग्टनहून हुकूम आला की हा प्रकार बंद, गुरं आडोशाला कापा, बायकामुलांना लांब ठेवा, रक्त-आतडी खाऊ देऊ नका. वजडी खाणं रानटी, हे ठरवणारे साहेब सॉसेज कशात भरतात ते विसरले होते.

*

माळावरच्या या जमाती एके काळी जगातल्या सर्वांत उंच माणसांत मोडत. पुरुषांची सरासरी १७२ सेंटीमीटरच्या पुढे, त्या वेळच्या युरोपियनांहून जास्त. मापं मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १८९२ च्या सुमाराला घेतलेली. बायसन संपल्यावर जन्मलेल्या पिढीत ही आघाडी पार गेली. पीठ, चरबी, साखर यांच्या शिध्यावर पोट भरतं, हाड वाढत नाही.

*

पांढऱ्या बायसनवासराची बाई, प्तेसानविन. उपासमारीच्या काळात ती दोन तरुण टेहळ्यांना दिसली. एकाच्या मनात पाप आलं, त्याची हाडं उरली. दुसऱ्याला तिने गावात निरोप द्यायला धाडलं, मग पवित्र चिलीम आणून दिली, विधी शिकवले, आणि जाताना चार वेळा लोळण घेऊन पांढरं वासरू होऊन गेली. ती चिलीम शायेन रिव्हर राखीव मुलखात ग्रीन ग्रास या खेड्यात आजही आहे. आर्वोल लुकिंग हॉर्स तिचे एकोणिसाव्या पिढीचे राखणदार. ४ जून २०२४ ला यलोस्टोनच्या लामार खोऱ्यात पांढरं वासरू जन्मलं, तेव्हा नाव ठेवायच्या समारंभाला तेच पुढे होते. नाव ठेवलं वाकान ग्ली. वासरू त्यानंतर पर्यटकांना दिसलं नाही. कथेतलंही थांबलं नव्हतं.

*

बायसन वाचले ते कुणामुळे, याची यादी मजेशीर आहे. शायेन रिव्हरवर फ्रेड डुप्री नावाचा फ्रेंच वंशाचा व्यापारी होता, त्याची बायको लकोटा, नाव ‘चांगली एल्क बाई’. शेवटच्या शिकारींच्या वेळी त्यांनी काही वासरं धरून आणून वाढवली. पुढे तो कळप स्कॉटी फिलिप नावाच्या गुरंवाल्याने घेतला. त्याची बायकोही तिथलीच. १९०७ साली स्कॉटीचे बायसन मेक्सिकोतल्या ह्वारेसला बैलांशी झुंजायला नेले होते, आणि लढाऊ बैलांची बोबडी वळली. १९१४ ला याच कळपातले ३६ कस्टर पार्कने विकत घेतले. आणि शेजारी विंड केव्हला, ज्या भोकातून ते वर आले असं सांगतात तिथे, १९१३ साली १४ बायसन परत आले. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून, आगगाडीने.

आता बऱ्याच जमातींचे स्वतःचे कळप आहेत. त्यांची मिळून एक परिषद १९९२ पासून काम करते. रोझबडच्या राखीव मुलखात २०२० पासून २८,००० एकरांवर ‘वोलकोटा’ नावाचा मोठा कळप उभा राहिला आहे. पाइन रिजच्या राखीव मुलखातली एक लकोटा कंपनी २००७ पासून वासनाच्या धर्तीवर मांस आणि क्रॅनबेरीच्या वड्या विकते, ‘टँका बार’. मी खाल्ली. गोडसर, चिवट. आईच्या भाषेत सांगायचं तर दाताला काम.

*

विंड केव्हहून परतताना रस्त्याच्या मधोमध एक नर बसला होता. पुढे दोन गाड्या थांबलेल्या, मागे आमची, तिच्यामागे आणखी. अंगावर जुनी लोकर गोधडीच्या चिंध्यांसारखी लोंबत होती. डोळा एवढासा, काळा, आमच्याकडे नाही. रवंथ चालू.

वीस मिनिटं झाली. भाच्याचा हात हॉर्नकडे गेला.

“मावशी, एकदा वाजवू का?”

“नको रे. बसू दे त्याला.”